बॅटरी आहे का?

परवा रात्री साडेनऊला आमच्या रूमवरची लाईट गेली. वळवाचा पाऊस झाला होता, कुठंतरी झाड पडलं होतं. पुण्यात राहणाऱ्यांना यात नवीन काही नाही. येईल दहा मिनिटांत, म्हणून आम्ही चौघी अंधारात गप्पा मारत बसलो. साडेदहा झाले, अकरा झाले, आणि गप्पांचा सूर हळूहळू बदलायला लागला. एकीचा मोबाईल सहा टक्क्यांवर होता. पॉवर बँक सापडली, पण तीच चार्ज केलेली नव्हती. पाण्याचा जार तळाला गेलेला, कारण जारवाले काका सकाळी येतात. नळाला पाणी नाही, कारण टाकीत पाणी चढवणारी मोटर विजेवर. मेसचा डबा आठलाच संपला होता, आणि ॲपवरून काही मागवावं म्हटलं तर पावसामुळे सेवा बंद. घरात शोधाशोध केल्यावर अर्धा पुडा बिस्किटं, दोन कांदे आणि चाट मसाला निघाला. मॅगी होती म्हणा, पण आमची शेगडी म्हणजे इंडक्शन.

तेवढ्यात कोल्हापूरहून आईचा फोन आला.

"पाऊस हाय म्हणं तिकडं. बॅटरी आहे का गं?"

"अकरा टक्के."

"ती न्हवं! हातातली बॅटरी. टॉर्च!"

नव्हती. पुण्यात राहून चार वर्षं झाली, आणि चौघींत मिळून एकही टॉर्च नव्हता.

लाईट अडीच वाजता आली. पाच तासांचाच प्रश्न होता, कोणाचं काही बिघडलं नाही. पण मला नंतर झोप लागली नाही. कारण बाकीच्या तिघींना माफ आहे, मला नाही. मी कोल्हापूरची आहे. २०१९ चा पूर मी पाहिलाय.

तेव्हा मी दहावीत होते. आमचं घर मंगळवार पेठेत, त्यामुळे पाणी आमच्या दारापर्यंत आलं नाही. आणि मला तुम्हाला सांगायचंय ते नेमकं या न आलेल्या पाण्याबद्दल. पूर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर छपरावर बसलेली माणसं आणि बोटी येतात. ते खरंच आहे. पण ज्यांच्या घरात थेंबभर पाणी शिरलं नाही, अशा हजारो घरांची त्या आठवड्यात काय अवस्था झाली, हे बातम्यांत फारसं दिसलं नाही. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरचं अक्षरशः बेट झालं. ट्रक महामार्गावर अडकलेले. पेट्रोल पंपांवर रांगा, नंतर पंपच कोरडे. दुधाच्या गावात दूध मिळेना. आणि सगळ्यात गमतीची, म्हणजे अजिबात गमतीची नसलेली गोष्ट: शहराला चारी बाजूंनी पाणी आणि नळ मात्र कोरडे, कारण नदीकाठची पाणी उपसा केंद्रंच बुडाली होती. आम्ही टँकरच्या मागे कळशी घेऊन पळालो. वरून पाऊस पडतोय, नदी वेशीत आलीय, आणि आपण पाण्यासाठी भांडतोय.

आमच्या घरी ते दिवस बरे गेले ते आज्जीमुळे. तिच्याकडे 'इमर्जन्सी किट' नावाचं काही नव्हतं. तिच्याकडे कोठीची खोली होती. तांदूळ, डाळी, भडंगाचे दोन डबे, गूळ, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याची चटणी, रॉकेलचा कंदील, वापरायच्या पाण्याची दोन पिंपं आणि औषधांचा पत्र्याचा डबा. शेजारच्या दोन घरांनाही त्यातलं पुरलं. आम्ही मात्र चौघी मिळून पाच तास काढू शकलो नाही.

आता तुम्ही म्हणाल, आज्जीकडे कोठी होती, आमच्याकडे कॉट बेसिसवरची एक कॉट आणि त्याखालची जागा आहे. बरोबर. म्हणूनच हा लेख कोठीवाल्यांसाठी नाही, कॉटवाल्यांसाठी आहे. आपलं जगणं बघा ना. पाणी जारमधून येतं, जेवण मेसमधून, पैसे मोबाईलमधून, किराणा दहा मिनिटांत दारात. रूममध्ये काही साठवायचं नाही, लागेल तेव्हा मागवायचं, याला आपण स्मार्ट म्हणतो. पण यातली प्रत्येक गोष्ट वीज, नेटवर्क आणि रस्ता या तीन खुंट्यांवर टांगलेली आहे आणि जोराचा पाऊस आला की त्या तिन्ही एकदमच निखळतात. मोबाईलचा टॉवरसुद्धा वीज गेल्यावर बॅटरीवर किंवा डिझेलवरच चालतो. ते संपलं की रेंज गेली, आणि रेंज गेली की यूपीआय गेलं. खात्यात पैसे आहेत, समोर वाण्याचं दुकान उघडं आहे, आणि आपण पाच रुपयांचा पुडा घेऊ शकत नाही.

मग दुसऱ्या दिवशी आम्ही डबा भरायला घेतला. पहिला प्रश्न पाण्याचा, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. हिशोब माणशी दिवसाला चार लिटरचा धरला. त्यातलं निम्मं पिण्यापुरतं, उरलेलं जेवणाला, दात घासायला, हात धुवायला. चौघींचे तीन दिवसांचे अठ्ठेचाळीस लिटर होतात. म्हणजे वीस लिटरचे दोन जार आणि वर आठ बाटल्या. जारवाल्या काकांना सांगून दोन जार कायमचे वाढवून घेतले. नियम असा केला की एक चालू, दोन भरलेले. चालू संपला की भरलेल्यांपैकी जुना वापरायला काढायचा आणि रिकाम्याच्या जागी नवा आणायचा. म्हणजे पाणी शिळं होत नाही आणि वेगळा खर्चही होत नाही, फक्त डिपॉझिट जातं. संडास-बाथरूमचं पाणी यात नाही हं. त्यासाठी अतिवृष्टीचा इशारा आला की घरातल्या सगळ्या बादल्या, टब, पातेली भरून ठेवायची. फ्लशला किती पाणी जातं हे नळ बंद पडल्याशिवाय कळत नाही.

आणि नळाला पाणी परत आलं म्हणजे संकट संपलं असं नाही. पुरानंतरचं पहिलं पाणी गढूळ येतं. ते कपड्याने गाळायचं, निवळू द्यायचं, आणि खळखळून उकळी आल्यावर किमान मिनिटभर उकळत ठेवायचं. गॅस नसेल तर क्लोरीनचे थेंब, मेडिक्लोरसारखे, बाटलीवर लिहिलंय तेवढेच घालायचे. अंदाजपंचे नाही. कोणाचं पोट बिघडलंच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा म्हणजे चहाचा. हे प्रमाण आम्ही डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलंय, कारण गरज पडेल तेव्हा गूगल नसणार.

खाण्याच्या बाबतीत एकच कसोटी ठेवली: न शिजवता खाता आलं पाहिजे. इथं मॅगी नापास झाली. पास कोण झालं? भडंग, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटं. सातूचं पीठ, जे पाण्यात कालवून गूळ घातला की पोटभरीचं होतं. आणि आमच्यातल्या रत्नागिरीच्या मैत्रिणीने सुचवलेले पातळ पोहे. दडपे पोहे करायला गॅस कशाला लागतो? कांदा, टोमॅटो, मीठ, तिखट, लिंबू पिळलं की झालं. ओलं खोबरं नसेल तर नसेल. ते दडपून ठेवायचे आणि खायचे, एवढंच. ती म्हणाली, आमच्याकडे याला किट म्हणत नाहीत, आगोट म्हणतात. कोकणात मृगाच्या आधी घराघरांत सुकी मासळी, कोकम, मीठ, मसाला, पापड, लाकूडफाटा भरून ठेवतात ती आगोट. गोव्यात तर त्याचा चक्क सणच आहे. मे-जूनच्या सुमाराला पुरुमेंताचं फेस्त भरतं, तिथून लोक पावसाळ्याचा साठा घेऊन जातात. पुरुमेंत हा शब्दच पोर्तुगीजमधल्या साठ्याच्या, तरतुदीच्या शब्दावरून आलाय. म्हणजे हे परदेशी व्हिडिओंतलं खूळ नाही. आपल्याच आज्या हे करत होत्या. मधल्या एका पिढीत आपण विसरलो, एवढंच.

आगोट आणि साठेबाजी यांच्यातला फरकही इथंच सांगते. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन जाहीर झालं त्या रात्री दुकानांवर जी झुंबड उडाली, ती आठवते ना? त्या वेळी घेतलेला प्रत्येक जादा पुडा मागच्या माणसाच्या पिशवीतून काढलेला होता. तेच सामान महिनाभर आधी, एकेक करत घेतलं असतं तर कोणाचंच बिघडलं नसतं. पूर आल्यावर दहा पिशव्या दूध उचलणाऱ्याचा राग येतो तो म्हणूनच. तयारी करायची तर आत्ता, दुकानं भरलेली असताना.

बाकीचं भराभर सांगते. दोन टॉर्च आणि जादा सेल. मेणबत्ती टाळाच; कॉट, गाद्या आणि वाळत घातलेले कपडे असलेल्या रूममध्ये मेणबत्ती म्हणजे आगीला आमंत्रण. सेलवर चालणारा छोटा रेडिओ, हसू नका, नेटवर्क गेल्यावर आकाशवाणीच कामाला येते. सुट्ट्या नोटा, हजारभर रुपये, दहा-वीस-पन्नासच्या. सॅनिटरी पॅड, आणि वापरलेले टाकायला जाड पिशव्या, कारण कचरागाडीही येणार नसते. साबण, डेटॉल, बँडेज, तापाच्या गोळ्या. नियमित औषधं निदान आठवड्याची. आमच्यातल्या एकीला दमा आहे, आणि त्या रात्री कळलं की तिचा इनहेलर संपत आलाय. ती कोणाला बोलली नव्हती. तुमच्या रूममेटला काय होतं, ती कोणती गोळी घेते, हे तुम्हाला माहीत आहे? मला दीड वर्षात माहीत नव्हतं.

आणि एक कागद. त्यावर घरच्यांचे, घरमालकांचे, जवळच्या डॉक्टरांचे नंबर पेनाने लिहिलेले. खाली ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. खरं सांगा, आईचा नंबर तुम्हाला पाठ आहे? फोन लागत नसेल तेव्हा मेसेज करून बघा, साधा एसएमएस. कमी रेंजमध्येही तो कधीकधी निसटून जातो.

चौघींत मिळून साधारण तेराशे रुपये गेले, रेडिओ धरून. दोन सिनेमे आणि एक पिझ्झा.

इथं थांबले असते तर हा लेख छान झाला असता. पण मग मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली असं झालं असतं, आणि उरलेली अर्धी जास्त महत्त्वाची आहे.

माझी आत्या दुधाळीजवळ राहायची. पंचगंगेचं पाणी आधी जिथं येतं त्या भागात. आत्याकडेही सगळं होतं. आज्जीचीच लेक ती. तिने चार तारखेपासूनच तांदूळ, शेगडी, पाणी वरच्या मजल्यावर नेलं. आठवडा आरामात निघाला असता. तिच्या जिन्याच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती, खिळ्याने ओरखडलेली. "त्या वेळी तिसऱ्या पायरीच्या वर आलं न्हवतं, आता काय येतंय," असं ती फोनवर सांगायची. पप्पांनी दोनदा बोलावलं, महापालिकेची माणसंही येऊन सांगून गेली. पण घरात सगळं आहे तर दुसऱ्याच्या घरी कशाला जायचं? पाणी रेघेच्या वर गेलं तेव्हा रात्र होती. दुसऱ्या दिवशी त्यांना रबरी बोटीतून काढलं. तांदूळ, पाणी, शेगडी सगळं वरच राहिलं. आत्या बाहेर आली ती अंगावरच्या साडीनिशी. बीपीच्या गोळ्या नाहीत, चष्मा नाही, दादाची मार्कशीट नाही.

तिचा साठा चुकीचा नव्हता. तो चुकीच्या घरात होता. आणि त्याच साठ्याच्या भरवशावर तिने निघायचे दोन दिवस घालवले. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, पाणी २०१९ पेक्षाही वर गेलं. म्हणजे भिंतीवरच्या जुन्या रेघेवर विसंबायचं काही कारण उरलेलं नाही.

उशिरा निघण्याची किंमत किती असू शकते, ते सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळने पाहिलंय. ८ ऑगस्ट २०१९ ला पुरातून बाहेर पडणाऱ्या लोकांची, क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढलेली बोट तिथं उलटली आणि त्यात लहान मुलं, बायका गेल्या. ती माणसं बेफिकीर होती असं मी अजिबात म्हणत नाही. पण पाणी गुडघ्याखाली असताना चालत निघता येतं, नंतर बोट लागते, आणि बोटी सगळ्यांना पुरत नाहीत.

म्हणून डबा भरण्याआधी एक गोष्ट शोधून काढा: तुम्ही राहता ते घर घरातच थांबण्यासारखं आहे का? पूररेषेच्या आत आहे का, ओढ्या-नाल्याच्या काठावर आहे का, तळमजला आहे का, मागे डोंगर कापलेला आहे का. पुणेकरांनो, हे फक्त कोल्हापूर-सांगलीचं दुखणं समजू नका. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत लोक झोपेत असताना पार्किंग बुडाली. त्याच दिवशी डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत विजेच्या धक्क्याने तीन तरुण गेले. आपल्याच वयाच्या आसपासचे. पाणी शिरायची शक्यता दिसली की आधी मेन स्विच बंद, इन्व्हर्टरही बंद, आणि पाण्यात उभं राहून कुठल्याही बटणाला हात नाही. मुंबईकरांना तर २६ जुलै सांगायलाच नको. २००५ साली सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, नदीपासून लांब. त्यामुळे आम्ही थांबायचं ठरवलंय आणि डबा त्यासाठी आहे. पण दाराजवळच्या खुंटीला चौघींच्या चार सॅकही आहेत. त्यात प्लास्टिकच्या पिशवीत मार्कशीट, आधारकार्ड, आठवड्याची औषधं, एक ड्रेस, पाण्याची बाटली, थोडे पैसे. निघा असं कोणी सांगितलं की सॅक उचलायची, डब्याकडे बघायचंही नाही. लाडू गेले तर गेले. यावर आमची भांडणं झाली, कारण एकीचं म्हणणं होतं की एवढं सगळं घेतलंय तर निदान पॉवर बँक तरी न्यावी. ती आता सॅकमध्ये आहे.

आता थोडं कॉलेजांबद्दल आणि पीजीवाल्यांबद्दल. प्रवेशाच्या वेळी आपल्याकडून रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरून घेतात, ते योग्यच आहे. मग बाहेरगावाहून आलेल्या मुलामुलींना तुम्ही राहता तो भाग पूररेषेत येतो का, हॉस्टेलच्या टाकीत किती दिवसांचं पाणी असतं, जनरेटर चालतो का, रात्री गेटची किल्ली कोणाकडे असते, इमारत रिकामी करायची वेळ आली तर जायचं कुठे, हे पहिल्याच आठवड्यात का सांगत नाहीत? रात्री दहानंतर बाहेरून कुलूप लावणाऱ्या पीजी मी स्वतः पाहिल्यात. सुरक्षेसाठी म्हणे. पाणी किंवा आग आली तर त्या सुरक्षेचं काय करायचं? पर्यावरणाच्या पेपरला आपण सगळ्यांनी आपत्ती व्यवस्थापनावर टीप लिहिली, चार मार्क घेतले. एनएसएसच्या एकेका युनिटने आपल्या कॉलेजच्या भोवतालच्या हॉस्टेल आणि पीजीत जाऊन या पाच प्रश्नांची उत्तरं गोळा केली आणि नोटीस बोर्डावर लावली, तरी ते त्या टीपेपेक्षा जास्त उपयोगाचं होईल. कॉलेज करत नसेल तर आपण विचारूया. प्राचार्यांना अर्ज लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

तेराशे रुपये सगळ्यांकडे एकदम नसतात, हेही मला कळतं. आम्हीही एकदम काढले नाहीत. टॉर्च या महिन्यात, रेडिओ मी माझ्या स्टायपेंडमधून, भडंग आईने पाठवलं. रेंट शेअर करतो तसा हा डबाही वाटून करता येतो. आणि शेजारच्या रूममध्ये एकटी राहणारी एखादी असेल तर तिलाही त्यात धरा, आज्जीने दोन घरं धरली होती तशी.

आईला परवा डब्याचा फोटो पाठवला. तिने पाच मिनिटांनी उत्तर दिलं: "सुई-दोरा, काडेपेटी, शिट्टी?" शिट्टी माझ्या डोक्यातच आली नव्हती. ओरडून घसा बसतो, शिट्टी लांबपर्यंत ऐकू जाते. काल दहा रुपयांना आणली.

दर महिन्याच्या एक तारखेला डबा उघडून तारखा तपासायच्या, जुनं खाऊन नवं ठेवायचं असंही ठरलंय. एक तारीख यायला अजून अवकाश आहे. राजगिऱ्याचे लाडू बारा आणले होते. आज मोजले तर नऊ आहेत, आणि तिघीही नाही म्हणतायत.